वसाहतीतील घर आणि अरण्यातील केंद्र: चांदा धर्मप्रांतातील मुलांचे धर्मसंस्कार

मराठी मुलखातील कॅथलिक समाजाचा इतिहास सामान्यतः तीन क्षेत्रांभोवती फिरतो: पोर्तुगीज अमलापासून ख्रिस्ती झालेली वसई व तिच्या आसपासची गावे, गोव्यातील साष्टी आणि बारदेश हे तालुके, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेझुइट धर्मगुरूंच्या कार्यामुळे पुढे आलेला अहमदनगर जिल्हा. या तिन्ही ठिकाणी धर्मग्राम, म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली असलेली श्रद्धावंतांची स्थानिक वस्ती, गावगाड्यातच मुरलेली आहे. चर्चची घंटा, संतांचे सण, सार्वजनिक क्रूसांपुढची प्रार्थना आणि आजीच्या तोंडची गाणी यांच्या संगतीत मूल वाढते आणि त्याच्या धर्मशिक्षणाचा बराचसा भाग कोणी मुद्दाम न शिकवताच पार पडतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यबहुल जिल्ह्यांत असे एकही पिढीजात कॅथलिक गाव नव्हते. येथे कॅथलिक माणसे आली ती रेल्वे, कोळसा, कागद आणि सिमेंट यांच्या मागोमाग, आणि धर्मगुरू आले ते एका नव्या मिशनक्षेत्राच्या उभारणीसाठी; त्यामुळे मुलांना धर्म कोणी, कोठे आणि कोणत्या भाषेत शिकवायचा हा प्रश्न येथे प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला. स्थूलमानाने पाहता औद्योगिक पट्ट्यात घराने धर्मग्रामाचे काम केले आणि अरण्यपट्ट्यात धर्मग्रामाला घराचे काम करावे लागले. या जिल्ह्यांतील मुलांच्या धर्मसंस्कारांचा इतिहास या दोन टोकांमधला आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील जुनी रीत याच्या नेमकी उलट होती. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आला, तेव्हा तो हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरे, मुले गोळा करी आणि त्यांच्याकडून धर्माची सूत्रे घोकून घेई. घरी गेल्यावर मुलांनी तीच सूत्रे आईबापांना व नोकरचाकरांना शिकवावीत अशी त्याची अपेक्षा होती. धर्म चर्चमधून मुलाकडे आणि मुलाकडून घराकडे वाहत होता. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, आणि त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये राशोल येथे छापलेली त्याची कोंकणी धर्मपुस्तिका गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात होती. प्रश्न, त्याचे ठरलेले उत्तर आणि त्या उत्तराचे पाठांतर ही घडण पुढे सुमारे साडेतीनशे वर्षे टिकली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातील बहुतेक कॅथलिक मुले धर्म याच पद्धतीने शिकली. पाठांतराला आज नावे ठेवण्याची प्रथा आहे, परंतु जेथे पुस्तके नव्हती आणि धर्मगुरू महिन्यातून एकदाच येत, तेथे पाठ असलेली चार उत्तरे आणि दोन प्रार्थना हीच मुलाची सगळी शिदोरी असे, हे विसरता कामा नये.

चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, हा प्रवाह आला नाही. गोंड राजांची ही भूमी अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडे आणि त्यांच्यामागून इंग्रजांकडे गेली, आणि १८५४ मध्ये तिचा स्वतंत्र जिल्हा झाला. ख्रिस्ती धर्म येथे प्रथम रुजवू पाहणारे मिशनरी प्रॉटेस्टंट होते. चांदा शहरात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते, तर दक्षिणेस प्राणहितेकाठी सिरोंच्यात अमेरिकन मेथॉडिस्टांचे. चांद्याच्या मिशनात दीर्घकाळ काम केलेले अलेक्स वुड पुढे नागपूरचे अँग्लिकन बिशप झाले, आणि गोंडांमध्ये राहू इच्छिणाऱ्या व्हेरियर एल्विन या तरुण धर्मगुरूशी त्यांचा जो खटका उडाला, तो भारतीय मानवशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे: एल्विनने राजनिष्ठेची शपथ घेण्याचे नाकारले, आणि काही वर्षांनी धर्मगुरुपदही सोडले. गोंडांना ख्रिस्ती धर्म शिकवावा की नाही, हा त्या वादाचा एक भाग होता. कॅथलिकांना हाच प्रश्न काही दशकांनी वेगळ्या परिस्थितीत भेटला.

कॅथलिक व्यवस्थेत चांदा जिल्हा नागपूरकडे मोडत होता. नागपूरचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अधिकाराखालील प्रदेश, १८८७ मध्ये स्थापन झाला. तो फ्रान्समधील ॲनेसी येथे उगम पावलेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मिशनरी संघाकडे होता आणि १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. या संघाची शक्ती नागपूर, कामठी आणि उत्तरेकडील ठाण्यांत एकवटलेली होती. बल्लारपूर ते काझीपेठ हा लोहमार्ग १९२९ मध्ये पूर्ण होऊन दिल्ली आणि मद्रास थेट जोडली गेली, तशी बल्लारपूरच्या बल्लारशाह जंक्शनवर रेल्वेच्या नोकरीतील दक्षिणी, गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे राहू लागली. अशा कुटुंबांतील मुलांना रविवारची मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस यांच्या अर्पणाची कॅथलिकांची मुख्य उपासना, धर्मगुरू गाडीने येईल तेव्हाच लाभे. एरवी धर्म म्हणजे आईने म्हणून घेतलेली जपमाळ. चंद्रपूर परिसरातील कॅथलिक घराची पहिली ठेवण येथे पडली: चर्च दूर, म्हणून घर जवळ.

१९५० चे दशक या प्रदेशात धर्मांतराच्या प्रश्नावर विलक्षण तापलेले होते. चांदा जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, आणि त्या सरकारने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला आणि मिशनच्या शाळा, वसतिगृहे व दवाखाने यांच्याकडे संशयाने पाहण्याची एक सार्वजनिक भाषाच त्याने घडवली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला खुद्द चांद्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेचे सोहळे केले. नागपूरच्या सोहळ्यात दीक्षा घेणाऱ्यांत न्यायमूर्ती नियोगीही होते. पंधरा दिवसांनी राज्यपुनर्रचना होऊन चांदा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. धर्म बदलणे, धर्म शिकवणे आणि मुलांना धर्माच्या छायेत ठेवणे या तिन्ही गोष्टी येथे अशा रीतीने कायद्याच्या, राजकारणाच्या आणि मुक्तीच्याही कक्षेत आल्या होत्या, आणि नव्याने येऊ घातलेल्या कॅथलिक मिशनला त्याच हवेत काम करायचे होते.

संविधानाचे २८ वे कलम येथे विशेष महत्त्वाचे ठरते. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते द्यायचे असेल तर अल्पवयीन मुलाच्या पालकाची संमती लागते. कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क देते खरे, पण मिशनच्या शाळांत बसणारी बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसत. परिणामी या शाळांत सर्वांसाठी नीतिशिक्षण राहिले आणि धर्मशिक्षण शाळेच्या वेळापत्रकाबाहेर, रविवारच्या वर्गात आणि घरात सरकले. युरोपातील कॅथलिक देशांत शाळा हीच धर्मशिक्षणाची मुख्य जागा असताना चंद्रपुरातील कॅथलिक मुलाला शाळेत गणित व मराठी आणि धर्म मात्र घरी व चर्चमध्ये शिकावा लागला. ही विभागणी कायद्याच्या चौकटीतून आलेली होती, तरी तिने घराची जबाबदारी जितकी स्पष्ट केली तितकी कोणत्याही धर्मपत्राने केली नसेल.

३१ मार्च १९६२ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी चांदा व वर्धा हे महाराष्ट्रातील आणि आदिलाबाद हा तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील जिल्हा मिळून चांद्याचे ऑर्डिनरिएट स्थापन केले. ऑर्डिनरिएट म्हणजे अजून पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा न मिळालेला, पण स्वतंत्र अधिकाऱ्याकडे सोपवलेला प्रदेश. तो सीरो-मलबार चर्चकडे देण्यात आला. प्रेषित थॉमसपासून आपली परंपरा सांगणाऱ्या केरळच्या ख्रिस्ती लोकांचे हे चर्च कॅथलिक असून रोमच्या पोपला मानते, परंतु त्याची उपासनापद्धती लॅटिन नसून पूर्व-सिरियाक आहे आणि मिस्सेला तेथे कुर्बाना म्हणतात. शतकानुशतके या चर्चचे कार्यक्षेत्र केरळातील ठरावीक टापूपुरते बांधलेले होते. केरळबाहेर मिशन चालवण्यासाठी त्याला दिलेला पहिला प्रदेश म्हणजे चांदा. येथील काम निष्कलंक मरियेच्या कार्मेल संघाकडे, म्हणजे सी.एम.आय. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघाकडे आले. संघातीलच जनुआरियस पालातुरुती हे पहिले प्रमुख झाले आणि त्यांनी बल्लारपूर हे ठाणे निवडले. १९६८ मध्ये ऑर्डिनरिएटचे एक्झार्केट, म्हणजे धर्मप्रांताच्या आधीची पायरी, झाले आणि २६ फेब्रुवारी १९७७ रोजी त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. गोंड राजांची एके काळची राजधानी, मग कोळसा आणि कागदाचे गाव असलेले बल्लारपूर आज संत थॉमस यांच्या नावाच्या कॅथेड्रलचे, म्हणजे बिशपच्या आसनाच्या चर्चचे, गाव आहे.

सी.एम.आय. संघाच्या हाती हे क्षेत्र जाण्याला मुलांच्या दृष्टीने एक खास अर्थ होता. १८३१ मध्ये मान्नानम येथे सुरू झालेल्या या संघाच्या तीन संस्थापकांपैकी कुरियाकोस एलियास चावरा हे शिक्षणाचे मोठे पुरस्कर्ते होते. चर्चला जोडून शाळा हवीच, हा त्यांचा आग्रह केरळच्या सामाजिक इतिहासात सर्वमान्य आहे. त्याहूनही या विषयाशी अधिक जवळचे आहे ते त्यांनी १८६८ मध्ये कैनकरी या आपल्या जन्मगावच्या कुटुंबांना लिहिलेले पत्र, जे एका चांगल्या बापाचे मृत्युपत्र म्हणून ओळखले जाते. त्याचा मोठा भाग मुलांच्या संगोपनावर आहे. मुले ही देवाने आईबापांकडे सोपवलेली ठेव आहे. बोलू लागताच त्यांच्या ओठांवर येशू, मरिया आणि योसेफ ही नावे यावीत. त्यांना अति धाकात ठेवू नये आणि अति लाडही करू नयेत. ती कोणाच्या संगतीत असतात, शाळेत काय शिकतात याची चौकशी आईबापांनीच करावी, अशा स्वरूपाच्या सूचना त्यात आहेत. धर्मशास्त्राचे अवघड शब्द जवळजवळ नाहीत. शेती, भांडणे, कर्ज आणि पाहुणे यांनी भरलेल्या कैनकरीच्या घराकडे पाहून लिहिलेला हा मजकूर आहे. कॅथलिक जगात कुटुंबाला घरगुती चर्च म्हणण्याचा प्रघात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, रूढ झाला. त्यापूर्वी शंभर वर्षे केरळच्या एका खेडेगावाला त्याच विचाराचे घरगुती रूप पत्रातून मिळाले होते. चावरा यांना २०१४ मध्ये संत म्हणून घोषित करण्यात आले.

केरळातील मुलांचाही चांद्याशी एक संबंध होता. ३ ऑक्टोबर १९४७ रोजी भरणंगानम येथे मुलांची एक मिशनसंस्था सुरू झाली. लिझ्यूच्या संत तेरेसा यांच्या नावाने चालणाऱ्या या संस्थेत शाळकरी मुले दूरच्या मिशनांसाठी प्रार्थना करीत, खाऊच्या पैशांतून वर्गणी काढीत, आणि त्यांतील अनेक जण पुढे स्वतः धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होऊन उत्तरेकडे गेले. भरणंगानमच्याच मठात एक वर्षापूर्वी सिस्टर अल्फोन्सा निवर्तल्या होत्या, ज्यांच्याविषयीची भक्ती प्रथम तेथील मुलांमध्येच पसरली असे मानले जाते. चांद्यात आलेल्या धर्मभगिनी कशा वातावरणात वाढल्या हे यावरून लक्षात येते: मिशन ही त्यांच्या लेखी लहानपणी रविवारच्या वर्गात ऐकलेली, स्वतः पै-पैशाने जोडलेली गोष्ट होती.

या भागातील कॅथलिक समाज प्रत्यक्षात वाढवला तो कारखान्यांनी. बल्लारपूरची कागद गिरणी स्वातंत्र्याच्या सुमारास उभी राहिली. १९६० च्या दशकात भद्रावतीजवळ आयुध निर्माणी आली, १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणींचा विस्तार झाला, आणि १९८० च्या दशकात दुर्गापूरच्या बाजूला औष्णिक वीज केंद्र, तर राजुरा-कोरपना भागात सिमेंटचे कारखाने सुरू झाले. परिचारिका, टंकलेखक, फिटर, शिक्षक आणि पर्यवेक्षक म्हणून केरळ, तमिळनाडू आणि तेलुगू प्रदेशातून आलेल्या कुटुंबांत कॅथलिक पुष्कळ होते. त्यांची घरे म्हणजे कंपनीचे दोन खोल्यांचे क्वार्टर. बाहेरच्या खोलीत भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्याखाली तांबडा बारीक दिवा, हे मल्याळी कॅथलिक घर ओळखण्याचे ठरलेले चिन्ह. ही तसबीर विधिपूर्वक घरात बसवण्याची चळवळ विसाव्या शतकाच्या आरंभी मातेओ क्रॉली-बोव्ही या धर्मगुरूने जगभर नेली होती आणि केरळात ती फार खोल रुजली.

संध्याप्रार्थना हा या घराचा कणा. दिवेलागणीनंतर घरातील सर्वजण तसबिरीपुढे गुडघे टेकतात, जपमाळेचे पाच टप्पे होतात, म्हणजे प्रत्येक टप्प्यात स्वर्गीय पित्याची एक आणि मरियेच्या दहा प्रार्थना, आणि त्यानंतर मरियेच्या बिरुदांची दीर्घ माळ, जिला लितनी म्हणतात, ती म्हटली जाते. प्रत्येक टप्प्याची सुरुवात घरातील एकेकाने करायची असल्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलालाही आपला टप्पा सांभाळावा लागतो. चूक झाली की मोठे भावंड लगेच सावरते. शेवटी मूल हात जोडून घरातील सर्वांत वडील माणसापासून सुरुवात करून प्रत्येकाला येशू ख्रिस्ताची स्तुती असो असे म्हणते आणि मोठी माणसे त्याचा प्रतिसाद देतात. या साध्या अभिवादनात धर्म आणि वडीलधाऱ्यांचा मान एकाच वेळी शिकवला जातो, आणि महाराष्ट्रातील शुभंकरोतीनंतर मोठ्यांच्या पाया पडण्याच्या रिवाजाशी त्याचे नाते शेजारच्या मराठी घरांना सहज कळे. खाणीत किंवा वीज केंद्रात पाळ्या असत. वडील दुसऱ्या पाळीत असले की प्रार्थना आई चालवी. खरे तर बहुतेक घरांत ती आईच चालवी, आणि धर्मशिक्षणाच्या अधिकृत इतिहासात तिचे नाव कोठेच येत नाही.

वर्षातील एक रात्र मात्र बापाची. आज्ञा गुरुवारी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाच्या दिवशी, केरळच्या थॉमस-ख्रिस्ती घरांत पेसहाची भाकर करतात. तांदळाचे पीठ आणि उडीद डाळ वाटून, खमीर न घालता ती वाफवली जाते आणि तिच्यावर आदल्या रविवारी, झावळ्यांच्या सणाला, चर्चमधून आणलेल्या पातीचा छोटा क्रूस ठेवतात. सोबत नारळाचे दूध आणि गूळ यांचे पेय असते. प्रार्थनेनंतर कुटुंबप्रमुख भाकर कापतो आणि वयाच्या क्रमाने प्रत्येकाला देतो. वर्षभरात घरात कोणी गेले असेल तर ती भाकर त्या घरी होत नाही, नातलग किंवा शेजारी आणून देतात. गावाकडे हे काम भाऊबंदांचे. चंद्रपूरच्या वसाहतीत भाऊबंद नसत, तेथे शेजारच्या क्वार्टरमधील ख्रिस्ती कुटुंबाला ती जागा घ्यावी लागे. धर्मग्रामाचे नाते जुळले ते बहुधा चर्चच्या समित्यांपेक्षा अशा देवघेवींतून. एप्रिलच्या चंद्रपुरी उन्हाळ्यात नारळाचे दूध फार वेळ टिकत नाही, एवढाच काय तो मुलखाचा फरक.

घरातील शिक्षण मातृभाषेत, शाळेतील मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत, आणि चर्चमध्ये मल्याळी, तेलुगू, तमिळ व मराठी मुले एकाच बाकावर, अशी स्थिती असल्यामुळे रविवारच्या धर्मशिक्षणवर्गाला भाषेची निवड करणे भाग पडले. सीरो-मलबार चर्चमध्ये हा वर्ग पहिलीपासून बारावीपर्यंत शालेय इयत्तांप्रमाणे चालतो, त्याला पाठ्यपुस्तके व परीक्षा असतात आणि शिकवणारे धर्मभगिनींच्या जोडीला धर्मग्रामातीलच नोकरदार स्त्री-पुरुष असतात. या वर्गाचा पहिला मोठा टप्पा म्हणजे प्रथम कुर्बाना-स्वीकार, ज्यात मूल आयुष्यात पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेते. एके काळी हा संस्कार दहा-बारा वर्षांनंतर, कधी चौदाव्या वर्षीही होई. दहावे पोप पायस यांनी १९१० मध्ये समज आलेल्या, म्हणजे सुमारे सात वर्षांच्या, मुलालाही तो द्यावा असे ठरवले, आणि त्यामुळे धर्मशिक्षणाचा आरंभ एकदम अलीकडे सरकून त्याची तयारी अपरिहार्यपणे आईच्या मांडीवर आली. चंद्रपुरातील पुष्कळ मल्याळी कुटुंबे हा सोहळा मे महिन्यात गावी नेत. बल्लारशाहवरून जाणाऱ्या केरळच्या गाड्यांनी दरवर्षी सुटीत मुले आजोळी जात, तेथे सुटीतील धर्मशिक्षणाचे वर्ग करीत आणि जूनमध्ये परतत. ही सोय घरांना मानवली तरी बल्लारपूर-चंद्रपूरच्या धर्मग्रामांचे त्यात नुकसान होते, कारण मुलाच्या स्मरणातील चर्च केरळचे राहिले आणि येथले चर्च त्याच्यासाठी रविवारचा वर्गच राहिले.

मराठीतून शिकवायचे तर साहित्य कोठून आणायचे, हीही अडचण होतीच. मुलांसाठीच्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयात प्रॉटेस्टंट बरेच पुढे होते. अमेरिकन मराठी मिशनचे बालबोधमेवा हे मासिक १८७३ पासून निघत होते, आणि नारायण वामन टिळकांची भजने पंथभेद ओलांडून कॅथलिक चर्चमध्येही गायली जाऊ लागली. कॅथलिकांचे निरोप्या हे मासिक जर्मन जेझुइट हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केले, आणि पुढे वसईतून सुवार्ता निघाले. पण ही सारी लॅटिन उपासनापद्धतीच्या, किनाऱ्यावरच्या किंवा नगरी वाचकाची नियतकालिके. पूर्व-सिरियाक कुर्बाना, तिची वर्षाची ऋतुचक्रे आणि तिची गीते मराठी व हिंदीत आणण्याचे काम विदर्भातच व्हायचे होते. मराठी ख्रिस्ती परंपरेचा चारशे वर्षांचा साठा आणि केरळची दोन हजार वर्षांची म्हणून सांगितली जाणारी परंपरा यांची गाठ बल्लारपूरच्या धर्मशिक्षणवर्गात पडली, आणि तिची वाङ्मयीन नोंद मराठीने अजून पुरेशी घेतलेली नाही.

वैनगंगा ओलांडून पूर्वेला गेले की हे सारे चित्र बदलते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बहुतांशी जंगलाखाली आहे. त्याच्या वेगवेगळ्या भागांत मराठी, गोंडी, माडिया, छत्तीसगढी, तेलुगू, आणि मुलचेरा-चामोर्शीकडे वसवलेल्या निर्वासितांमुळे बंगालीही बोलली जाते. कारखाने जवळजवळ नव्हते, म्हणून बाहेरून आलेली कॅथलिक कुटुंबेही नव्हती. येथे मिशनचे रूप म्हणजे केंद्र: एक लहान चर्च, धर्मगुरूची खोली, धर्मभगिनींचे घर, दवाखाना, आणि शक्य तेथे शाळा व वसतिगृह. ब्रह्मपुरीचे ख्रिस्तानंद रुग्णालय किंवा चंद्रपूरच्या तुकूम भागातील ख्राईस्ट हॉस्पिटल या मोठ्या संस्था अशाच सेवाकार्याच्या वाढलेल्या शाखा होत. अशा केंद्रांकडे येणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक ख्रिस्ती नव्हते आणि आजही नाहीत, ही गोष्ट धर्मशिक्षणाचा विचार करताना सतत ध्यानात ठेवावी लागते.

वसतिगृहात राहणाऱ्या कॅथलिक मुलासाठी पहाटेची प्रार्थना, अभ्यास, संध्याकाळची जपमाळ आणि झोपण्यापूर्वीची क्रूसाची खूण हे सगळे केंद्रातच होई. वसाहतीत जे आई करी ते येथे सिस्टर करीत. अडचण सुटीत येई. भामरागडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गाव इतर जगापासून तुटते, आणि उन्हाळ्यात मूल गावी गेले की पहाटे टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला घरातील सर्वांबरोबर जाते. मोहफुलांचा बहर मार्च-एप्रिलचा आणि ईस्टरही २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यानच येतो. म्हणजे ख्रिस्ती वर्षातील सर्वांत पवित्र आठवडा आणि घराच्या वर्षाची बेगमी एकाच वेळी. अशा वेळी आज्ञा गुरुवारी केंद्रात किती मुले आहेत यावरून त्यांची श्रद्धा मोजणे हे शहरी मापाने जंगल मोजण्यासारखे होईल. १९८० च्या सुमारास येथे सुरू झालेल्या नक्षल चळवळीने आणि तिच्याविरुद्धच्या पोलिसी कारवायांनी संध्याकाळनंतरची वाटचाल कठीण केली, तेव्हा दूरच्या पाड्यांवर जाऊन सायंप्रार्थना घेण्याची रीतही आक्रसली.

या मुलखात मुलांना समूहात वाढवण्याची स्वतःची व्यवस्था आधीपासून होती, हे मिशनच्या लिखाणात क्वचितच आढळते. माडिया व गोंड गावांतील गोटुल, म्हणजे तरुणांच्या एकत्र येण्याचे आणि गावाच्या बैठकीचे घर, गाणी, कथा, कामे आणि वागणुकीचे नियम पुढच्या पिढीकडे पोहोचवीत असे. बस्तरच्या मुरिया गोटुलावर एल्विनने १९४७ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, तो याच संस्कृतीच्या शेजारचा. ज्या समाजात मुलाचे संस्कार घराइतकेच गावाचे काम मानले जाते, त्या समाजातून आलेल्या मुलाला वसतिगृहातील सामूहिक प्रार्थना परकी वाटण्याचे कारण नव्हते. परकी होती ती भाषा, आणि परका होता तो एकटेपणा, जो सुटीत गावी परतल्यावर घरातील एकटाच प्रार्थना म्हणणारा म्हणून त्याच्या वाट्याला येई. धर्मभगिनींनी पुढे गोंडी-माडिया शिकण्याचा प्रयत्न केला, सणांत ढोल आणि रेला नृत्य आले, पण आईबाप श्रद्धेत सहभागी नसतील तेथे केंद्राने कितीही केले तरी ते केंद्रापुरतेच राही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईबाप हेच मुलांचे पहिले शिक्षक असे म्हटले. अरण्यकेंद्रांना ते विधान उणिवेच्या रूपात कळले.

पालातुरुती यांच्यानंतर १९९० मध्ये विजय आनंद नेडुंपुरम बिशप झाले. त्यांच्या काळात, १९९९ मध्ये, आदिलाबाद जिल्ह्याचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि चांद्याकडे चंद्रपूर, गडचिरोली व वर्धा हे तीन मराठी जिल्हे उरले. धर्मशिक्षणाच्या दृष्टीने ही फाळणी बरीच निर्णायक ठरते, कारण तोपर्यंत तेलुगू हीही या धर्मप्रांताची एक मुख्य भाषा होती. आता वर्ग, उपासना आणि प्रशिक्षण यांचा मध्य मराठी-हिंदीकडे सरकला. सिरोंचा मात्र भाषेने तेलुगूकडे झुकलेला असूनही राज्याच्या हद्दीमुळे चांद्यातच राहिला. २०१४ मध्ये एफ्रेम नरिकुलम हे तिसरे बिशप झाले, तेव्हा बल्लारपूर व चंद्रपूरच्या वसाहतींतील कॅथलिक मुलांची तिसरी पिढी रविवारच्या वर्गात बसत होती. ही मुले संध्याप्रार्थना मल्याळीत म्हणू शकतात, पण ती लिपी वाचू शकत नाहीत. शाळेत त्यांचे मराठी उत्तम आहे, धर्माचे शब्द मात्र त्यांना इंग्रजीत सुचतात. निवृत्तीनंतर आजी-आजोबा केरळात परतले, क्वार्टर कंपनीला परत गेले, आणि ज्या कुटुंबांनी चंद्रपुरातच घरे बांधली त्यांच्या दिवाणखान्यात पवित्र हृदयाची तसबीर आता कंपनीच्या भिंतीवर नसून स्वतःच्या भिंतीवर आहे. अशा घरांतील आया आता मुलांची जपमाळ कोणत्या भाषेत घ्यायची हे स्वतःच ठरवतात, आणि पुष्कळ घरांत अर्धे टप्पे आजीच्या भाषेत तर अर्धे वर्गातल्या मराठीत होतात.